दात न सोडलेली भिंत

सुट्टीच्या दिवशी सकाळी नक्षीमास्तर व्याह्यांनी बांधलेली नवी इमारत बघायला म्हणून गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले ते उभेच. मागून आलेला गाडीवाला चार शिव्या हासडून बाजूने निघून गेला, तरी यांना पत्ता नाही. समोरच्या भिंतीला दात नव्हते. एकसुद्धा नाही.

दात म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं फुकट. इमारतीच्या तोंडावर जी पानं, फुलं, माळा, फळांचे घोस दिसतात ना, ती काही भिंतीतून उगवत नाहीत. ती साच्यात ओतून तयार करायची, मग वर नेऊन बसवायची. आणि बसवायची तर त्यांना धरायला काहीतरी नको? म्हणून भिंत रचतानाच गवंडी जिथे जिथे नक्षी येणार तिथे तिथे एकेक वीट चार बोटं बाहेर काढून ठेवतो. या बाहेर आलेल्या विटांना म्हणायचं दात. गवंडी दात सोडून खाली उतरला की नक्षीवाला वर चढणार, हा शिरस्ता कुणी घालून दिला कुणास ठाऊक, पण मास्तरांच्या आजोबांच्याही आधीपासूनचा. दात सोडायला विसरलेला गवंडी म्हणजे काजं करायला विसरलेला शिंपी. त्याचं जे हसं व्हायचं ते आयुष्यभर पुरायचं.

आणि ही भिंत तर वरपासून खालपर्यंत गिलावा करून मोकळी. खिडक्यांच्या सरळ रांगा, खाली दार, बस्स. चार दिवसांवर उद्घाटन. ‘मेला,’ ते स्वतःशीच म्हणाले, ‘माझा व्याही मेला.’

व्याही हे नुसते व्याही नव्हते. दोघं एका गल्लीत वाढलेले, एकाच परांचीवर कामाला लागलेले. एकाने थापी धरली, दुसऱ्याने साचे. गवंडी मुलखाचा अबोल. सकाळी एक वाक्य बोलला तर दुपारी त्याचीच भरपाई करणार. मास्तर म्हणजे याच्या बरोबर उलटे, तोंडाला टाळं म्हणून नाही. चहाच्या दुकानात, परांचीवर, पंक्तीत, जिथे चार माणसं भेटतील तिथे यांचा ठरलेला विनोद: “यानं वाकडं बांधावं आणि मी पानांनी झाकावं, असा आमचा संसार.” लोक हसायचे. गवंडीही हसायचा. कधी उलट बोलला नाही. पुढे मास्तरांची लेक गवंड्याच्या घरात सून म्हणून गेली, तेव्हा दोघांनी ठरवलं की आता रीतीप्रमाणे एकमेकांना अहो-जाहो करायचं. लग्नाच्या पंक्तीत गवंडी “तुम्ही जरा मीठ...” एवढं म्हणाला आणि दोघांना जे हसू फुटलं, की वाढणारी माणसं वाढायची थांबली. त्या दिवशीच ते तुम्ही-तुम्ही मोडीत निघालं.

गवंड्याचं एक खूळ मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. भिंत पुरी झाली की दिवेलागणीला हा कंदील घ्यायचा आणि काच अगदी भिंतीला लावून धरायचा. भिंत जरा कुठे फुगली असेल, दबली असेल, तर उजेड तिथे अडतो आणि सावली पडते. मग ती सावली दिसली की हा पुन्हा थापी घेऊन बसणार. मास्तर त्याच्या पाठीत गुद्दा घालायचे. अरे वेड्या, उद्या त्यावर माझी पानं येणार, कोण बघतंय? यावरही तो हसायचाच. काम मात्र थांबवायचा नाही.

मास्तरांचं स्वतःचं घरही त्यानेच बांधलेलं. त्या घराच्या पुढच्या खोलीत भिंतीवर छतापासून कमरेइतकी खाली उतरणारी एक चुन्याची वेल होती, पानाच्या शिरा न् शिरा दिसतील अशी. आल्या-गेल्याला पाणी विचारायच्या आधी मास्तर ती वेल दाखवायचे. बायको म्हणायची, माणसं भेटायला येतात, त्यांना बसू तरी द्या. पण बसू देतील तर ते मास्तर कसले. ती त्यांची उमेदीतली वेल होती आणि तिच्यावर त्यांचा लेकीच्या खालोखाल जीव होता.

आता झालं होतं असं, की मागचं जवळजवळ अर्धं वर्ष मास्तर गावात नव्हतेच. दूरच्या एका शहरात मोठं नाटकगृह बांधलं जात होतं, त्याच्या दर्शनी भागाचं काम त्यांना मिळालेलं. तिथे बसून त्यांनी माळा ओतल्या, घोस ओतले, पानांचे ढीग लावले. आणि ऐन बसवायच्या वेळी मालकाने निरोप धाडला की नको. आता असलं कुणी लावत नाही, म्हणे. भिंत साधीच बरी दिसते. मेहनताना चोख दिला, त्याबद्दल तक्रार नव्हती, पण मास्तर चक्रावून गेले. साधी भिंत बरी दिसते? मग उद्या म्हणाल बिननाकाचा चेहरा बरा दिसतो. मालकाच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्यांनी ठरवून टाकलं, सगळा माल पेंढ्यात बांधला आणि पेट्या घेऊन घरी आले. घरी आल्यावर कळलं की व्याही मंडळी कुणा नातेवाइकाकडे गेलीत, उद्या परततील. लेक मध्ये एकदा तिकडे भेटायला आली होती तेव्हा म्हणाली होती, की हल्ली सासरे उजाडायच्या आत कामावर जातात, एका भिंतीच्या मागे लागलेत, जेवतानाही बोलत नाहीत. मास्तर म्हणाले होते, तो कधी बोलतो?

ती हीच भिंत. बाळंतिणींचं नवं रुग्णालय.

आता तुम्ही-आम्ही असतो तर काय केलं असतं? घरी गेलो असतो, उद्या व्याही आला की विचारलं असतं. पण मास्तरांच्या डोळ्यांसमोर दुसरंच चित्र. उद्घाटनाला सगळा गाव जमलाय, मान वर करून बघतोय, आणि कुणीतरी म्हणतोय, गवंडी म्हातारा झाला बरं का, दात विसरला. आणि त्यातच त्यांना पेट्या आठवल्या. माळा तयार, घोस तयार, पानं तयार. मास्तरांना वाटलं, हे काहीतरी ठरूनच आलंय.

दात नसले म्हणून अडत नाही. भिंतीला छिन्नीने टाचे मारायचे, म्हणजे खडबडीत खळगे पाडायचे, लोखंडी आकडे ठोकायचे आणि माल चिकटवायचा. कष्टाचं काम, पण होतं. पहारेकरी मास्तरांना ओळखत होता. व्याह्यांचं काम आहे म्हटल्यावर त्याने शिड्या काढून दिल्या. मास्तरांनी आपली दोन माणसं सुट्टीच्या दिवशी घरातून उठवून आणली आणि छिन्नी धरली. पहिला घाव घालताना गिलावा इतका कठीण लागला की छिन्नी उडाली. “काय घोटलंय रे याने,” मास्तर म्हणाले आणि दुसरा घाव घातला. इथे तरी थांबायचं होतं. पण नाही.

संध्याकाळपर्यंत दारावर फळांचा घोस चढला, खिडक्यांखाली माळा चढल्या, दोन्ही कोपऱ्यांवर पानांचे झुबके आले. मास्तर रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. खांदे भरून आले होते, डोळ्यांत चुना गेला होता, पण मन असं काही हलकं झालं होतं की विचारू नका. व्याह्याची अब्रू वाचवली. आणि कुणाला सांगायचं नाही, त्यालासुद्धा नाही. तो बघेल आणि समजेल.

दुसऱ्या दिवशी धुतलेला कोट घालून मास्तर सकाळीच तिथे हजर. व्याह्याचा चेहरा बघायचा होता ना. गवंडी आला तो नकाशे काढणाऱ्या आर्किटेक्टबरोबर बोलत आला, म्हणजे आर्किटेक्ट बोलत होता आणि हा ऐकत होता. कोपरा वळले आणि दोघांचे पाय जागीच थिजले.

आर्किटेक्टला आधी वाटलं, कुणीतरी चेष्टा केलीय. तो हसलासुद्धा. मग जवळ जाऊन त्याने एक पान हाताने हलवून बघितलं, ते हललं नाही, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हे कुणी केलं, असं तो पहारेकऱ्याला विचारू लागला. मास्तर छाती काढून पुढे झाले. त्यांना अजूनही वाटत होतं की शाबासकी येणार.

गवंडी वर बघत होता. त्याची नजर एका माळेवरून दुसऱ्या माळेवर, तिच्यावरून दारावरच्या घोसावर, आणि मग खाली, जिथे टाच्यांचा चुरा पडला होता तिथे आली. रस्त्यावर आपलं घरचं माणूस पडलेलं दिसावं तसा तो बघत होता. मग त्याने मास्तरांकडे पाहिलं.

“हे तुम्ही केलंत?”

तुम्ही. माणूस चिडला असता, अंगावर आला असता, तर मास्तरांना समजलं असतं. पण तुम्ही? त्यांनी घाईघाईने सांगायला सुरुवात केली, दात राहिले होते, उद्घाटन जवळ आलं होतं, पेट्या घरात होत्या...

“दात राहिले नव्हते. सोडलेच नव्हते,” गवंडी म्हणाला. “इतकी वर्षं माझ्या भिंतींवर तुमची पानं होती. ही एक उघडी राहणार होती.”

एवढं बोलून तो वळला आणि निघून गेला. पाठमोरा जाताना त्याचा उजवा खांदा लोंबल्यासारखा दिसत होता. तो खांदा त्या भिंतीनेच गेला होता, हे मास्तरांना नंतर लेकीकडून कळलं.

बाकीचं आर्किटेक्टने सांगितलं, आणि ओरडून नाही, थकल्या आवाजात सांगितलं. इथे बाळं जन्माला येणार. पानांच्या खाचांत धूळ बसते, पाखरं घरटी करतात, कोळी जाळी विणतात. त्याला इमारतीवर असं काहीच नको होतं ज्याचा आतल्या माणसांना उपयोग नाही. उजेडाला खिडक्या, यायला दार, आणि मधे नुसती भिंत. पण नुसती भिंत म्हणजे तिला लपायला जागा नाही. म्हणून आधी विचारलेल्या गवंड्यांनी नाही म्हटलं. एक जण तर म्हणाला, झाकणार नसाल तर मी बांधणार नाही. मग हा भेटला. याने नकाशा बघितला आणि विचारलं, खरंच काही लावणार नाही ना वरून? आर्किटेक्ट नाही म्हणाला, तेव्हा या माणसाने त्याचा हात हातात धरला. संध्याकाळचं ऊन या भिंतीला घासून जातं, ते बघून त्याने म्हणे भिंत घोटली. रोज कलत्या उन्हाला समोर उभा राहायचा, आणि सावली दिसली की पुन्हा वर चढायचा.

मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं आणि शिडी मागवली.

पानं उतरवली, मास्तरांनी स्वतःच्या हाताने उतरवली. आकडे उपटले, टाचे भरले. दुपारी भिंत ठीक दिसली आणि त्यांच्या जिवात जीव आला. मग ऊन कललं, आणि सगळ्या भिंतीवर पुरळ उठावं तशा सावल्या उठल्या. जिथे माळ होती तिथे माळ दिसत होती, जिथे घोस होता तिथे घोस. आर्किटेक्ट म्हणाला, पुढची सगळी बाजू खरवडून पुन्हा करायला हवी. गवंड्याकडे निरोप गेला. त्याने खांद्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. दुसऱ्या माणसांनी केली ती भिंत, वर रंग दिला, चारचौघांसारखी झाली. उद्घाटन लांबलं पण झालं. लोकांनी मोठ्या मोठ्या खिडक्यांचं कौतुक केलं. भिंतीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि गवंडी तिकडे फिरकला नाही.

मास्तर दोनदा त्याच्या दारात गेले. दोन्ही वेळा त्याने बसा म्हटलं, चहा घ्या म्हटलं, आणि तुम्ही-तुम्ही करून त्यांना उभं जाळलं. तिसऱ्यांदा जायचं धैर्य झालं नाही. घरी ते गप्प बसून राहायचे. बायको घाबरली. बडबड करा हो काहीतरी, म्हणायची, घर खायला उठतंय.

मग एक दिवस लेक आली. तिचा जीव मधल्यामध्ये सुकत चालला होता. सासरच्या ताटावर बसलं की माहेरचं नाव काढायची चोरी. “बाबा, ते जेवायला बसतात तेही भिंतीकडे पाठ करून,” ती म्हणाली. “भांडत नाहीत, काही नाही. एवढंच म्हणाले, तुझ्या बाबांनी माझी भिंत कधी बघितलीच नाही.”

हे मात्र मास्तरांच्या वर्मी लागलं. इतके दिवस नुसतं वाईट वाटत होतं, आता डोकंच तापलं. मी बघितली नाही? अरे, जन्मभर तुझ्या भिंतींना नाक लावून मी काम केलं. तुझे फुगवटे, तुझे खड्डे, सगळं पोटात घातलं आणि वर पानं लावली. चूक झाली, कबूल, पण हे खोटं का बोलतोस? त्यांनी लेकीला सांगितलं, तुझ्या सासऱ्याला घेऊन ये. आजच ये. त्याची भिंत कशी होती ते दाखवतो त्याला.

लेकीने काय सांगून आणलं देव जाणे, पण दिवेलागणीच्या सुमाराला गवंडी आला. उंबऱ्यातच उभा राहिला. मास्तर पुढच्या खोलीत हातोडा घेऊन स्टुलावर चढलेले. बायकोला काय होणार ते आधी कळलं, ती धावली, म्हणाली, अहो, वेल नका फोडू, तुम्हाला माझी शपथ. तोवर पहिला घाव पडलाही होता.

घराच्या आत दात लागत नाहीत, आतली नक्षी हलकी असते, टाचे मारून चिकटवलेली. ती भराभर सुटली. पानं, तणावे, कळ्या खाली पडून फुटत होत्या आणि मास्तर थांबत नव्हते. खोलीत पांढरा धुरळा. शेवटचा तुकडा पडला तेव्हा ते खाली उतरले, खिशातून ओळंबा काढला, म्हणजे गवंड्यांची ती वजन बांधलेली दोरी, आणि त्याच्यापुढे धरला. लाव म्हणाले. लाव आणि बघ किती सरळ आहे ते.

गवंड्याने हात पुढे केला नाही.

मग मास्तरांनीच स्टुलावर चढून छताजवळ दोरी धरली. वजन हेलकावत हेलकावत स्थिर झालं. दोरी भिंतीला लागून वरपासून खालपर्यंत उभी होती. मधे कुठे फट नाही, कुठे भिंतीने तिला ढकललेलं नाही. मास्तरांनी डोळे पुसले. स्टूल सरकवलं, पुन्हा चढले, पुन्हा धरली. तेच. पार खिडकीच्या कडेला गेले. तिथेही तेच.

“कंदील आण गं,” गवंडी सुनेला म्हणाला.

तो आत आला. पडलेल्या पानांवर पाय न देता, त्यांच्यामधून वाट काढत भिंतीपाशी गेला, आणि कंदिलाची काच भिंतीला लावून धरली. उजेड त्या टोकापासून या टोकापर्यंत सरळ पसरत गेला. कुठे अडला नाही. सावल्या होत्या त्या फक्त छिन्नीच्या खळग्यांच्या, शेकडो, काळ्या, बारीक. मास्तरांनी मारलेले टाचे.

“खोली झाली त्या संध्याकाळी तुला बोलावलं होतं,” गवंडी म्हणाला. “कंदील लावून उभा होतो. तू म्हणालास, दिवा कशाला जाळतोस, उद्या पानं चढवायचीत.”

मास्तरांना आठवलं. शब्द न् शब्द आठवला. अंगणात कुणाशी तरी गप्पा मारत होते, आत यायचा कंटाळा केला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं लावून भिंतीला टाचे मारले होते. आणि त्यानंतर इतकी वर्षं, आल्या-गेल्याला इथेच उभं करून हसत हसत सांगितलं होतं की खालची भिंत वाकडी आहे.

“मग बोलला का नाहीस?” मास्तर म्हणाले. “मी चारचौघांत इतकं बोलायचो. एकदा तरी...”

“तुझं घर होतं,” गवंडी म्हणाला. “तुला वेल आवडली होती.”

मास्तर खालीच बसले, त्या चुऱ्यात. तोंडावर हात घेऊन लहान मुलासारखे रडले. बायकोने त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, ती भिंतीला टेकायला गेली आणि एकदम चटका बसल्यासारखी बाजूला झाली. आता त्या भिंतीला हात लावायचीही कुणाची छाती होईना.

रडणं ओसरलं तेव्हा मास्तरांनी विचारलं, हे खळगे भरून देशील का. गवंड्याने खांदा जरा हलवून बघितला आणि नाही म्हणाला. “तू भर. घाई करू नकोस. मी सांगतो कसं ते.”

चुना भिजत घातला गेला. मास्तरांनी कोट काढला, थापी घेतली आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून, जिथे चुकलं तरी कुणाला दिसणार नाही तिथून सुरुवात करायला वाकले. “तिथून नाही,” गवंडी म्हणाला, “मधून.” मग त्याने कंदील सुनेच्या हातात दिला, कोपऱ्यातली खुर्ची ओढली, आणि भिंतीकडे तोंड करून बसला.